पोशीची हाक

फार फार वर्षांपूर्वी, सीना नदीच्या काठी, मोहोरगाव नावाचं गाव होतं. गावाबाहेर, खाणीच्या कडेला नरसव्वा वडारीण आणि तिचा नवरा तिमाप्पा डुकरं पाळून राहायची. नाकं मुरडू नका! डुक्कर पाळणं म्हणजे पोरखेळ नव्हे. दिवसभर कोंडा, शिळंपाकं, लव्हाळ्याच्या गाठी गोळा करत फिरायचं. एखादं जनावर कुणाच्या भुईमुगात शिरलं की शिव्या खायच्या, वर दगड खायचे. विताना जवळ बसलं नाही तर डुकरीण आपल्याच अंगाखाली दोनचार पिल्लं चिरडते. पण नीट सांभाळली तर वर्षाला दोन वेत, सणाला मटण, दुखऱ्या सांध्याला चरबी. दुष्काळात गावातल्या चुली थंड असत, तेव्हा नरसव्वाची चूल पेटलेली असे, असं म्हणतात.

डुकरं पाळणाऱ्या त्या लोकांचा एक दंडक होता. डुकराला नाव द्यायचं नाही. ज्याला नाव दिलं, त्याला सुरी लावायची नाही.

नरसव्वाला एकुलती एक लेक होती, पोशी. पाच वर्षांची झाली आणि मरीच्या साथीत गेली. त्याच आठवड्यात डुकरीण व्याली. सगळ्यांत लहान पिल्लाला आचळ मिळेना. नरसव्वानं ते पदरात घेतलं, चुलीपाशी ऊब दिली, चिंधीनं दूध पाजलं. आणि एके सकाळी ते दारातून बाहेर पळालं, तसं तिच्या तोंडून निघून गेलं, "पोशे, थांब गं!"

तिमाप्पाच्या हातातली पहार खाली पडली. "अगं, काय केलंस हे? मेलेल्या लेकराचं नाव?"

शब्द गेला तो गेला. त्या पिल्लाची वाढून डुकरीण झाली, ती पोशीच. काळीभोर, थोराड, आणि नरसव्वाशिवाय कुणाचंच न ऐकणारी. नरसव्वा जेवायला बसली की समोर येऊन बसायची. लेक जशी मान कलती करून बघायची, तशीच ही बघायची. नरसव्वाला ते फार गोड वाटायचं. तिमाप्पा मात्र तिच्याकडे पाठ करून जेवायचा.

काही वर्षांनी गावात पुन्हा मरी आली. घरटी तिरडी उठू लागली. रडायलाही माणसं पुरेनात. देवळात भगताच्या अंगात मरीआई आली आणि घुमत म्हणाली, "मला पोशी पायजे."

नरसव्वा गर्दीतून पुढं झाली. "एकदा नेलीस की गं बये! आणखी किती वेळा नेशील?"

भगत नुसती मान कलती करून तिच्याकडे बघत राहिला.

डुकरिणीला बळीसाठी आणायला चार गडी दोर घेऊन गेले. डुकरीण बूड टेकून बसली, तसूभर हलेना. मग पाटील स्वतः आले. त्यांची नात अंथरुणावर होती. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून नरसव्वाच्या पायाशी ठेवलं. "नरसव्वा, तुझ्याच हाकेला येईल ती. गावाची लेकरं तुझ्या पदरात घालतो."

लेकरू जाणं काय असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण आपल्याच तोंडानं पोशीला सुरीकडे बोलवायचं? तिनं पागोटं उचलून पाटलांच्या हातात दिलं. मग म्हणाली, "बोलवते. पण सुरी नको. मरीला शीव ओलांडून न्यायचंय ना? मीच नेते, मरीला आणि पोशीला, दोघींना."

"अगं, मरीला घेऊन शिवेपार गेलेलं माणूस परत येत नाही!" तिमाप्पा ओरडला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

खाणीजवळच्या शिवेवर उभी राहून तिनं हाक मारली, "पोशे!" डुकरिणीनं नुसते कान टवकारले. तिनं दुसरी हाक मारली. तशी ती उठली आणि मुकाट मागं चालू लागली. दोघी अख्ख्या गावाच्या शिवेवरून फिरल्या, आणि डुकरिणीच्या नाकाडानं मागं नांगराचं तास पडावं तशी चर पडत गेली. फेरा पुरा झाला, तशी नरसव्वा पोशीला घेऊन चर ओलांडून माळाकडे गेली.

तिमाप्पाला राहवेना, तो मागं धावला. चरीपर्यंत धुळीत बायकोची भेगाळलेली पावलं होती आणि शेजारी डुकराचे खूर. चरीपलीकडे बायकोची पावलं तशीच पुढं गेली होती. शेजारी खूर नव्हते. पाच वर्षांच्या पोरीची अनवाणी पावलं होती. नरसव्वा परत आली नाही ती नाहीच.

त्या दिवसापासून मरी चरीच्या आत आली नाही, असं म्हणतात. पाटलांची नात पुढं नातवंडांची आजी झाली.

आजही आषाढातल्या मंगळवारी मोहोरगावात शिवेवरून नांगराचं एक तास ओढतात. ज्या बाईचं लेकरू गेलंय, ती तासाच्या अलीकडे उभी राहते आणि त्याला नावानं हाक मारते. एकदाच. मग बाकीच्या बाया तिच्या तोंडावर हात ठेवून तिला घरी घेऊन जातात. कारण दुसऱ्या हाकेला लेकरू येतं, आणि मग आईला त्याच्याबरोबर चालावं लागतं, असं म्हणतात.