हैबतीचा हात

एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. गावात शहाणे पुष्कळ, पण ते ग्रामसभेला जात नसत. हैबती न चुकता जाई. त्याची बायको सुंद्रा तेव्हा पाणी भरत असे.

एकदा सरपंच आप्पासाहेबांनी सभेत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "काय हैबती, बरा हायस ना?" हैबती विरघळला. त्याने हात वर केला. ठराव पास झाला आणि हैबतीच्या आळीतला गावाचा एकुलता नळ आप्पासाहेबांच्या दारात गेला.

सुंद्रा लांबून दोन हंडे आणून दमली. म्हणाली, "अवं, माणूस बघू नगा. काम बघा."

पुढच्या सभेत हैबती सरपंचांकडे पाठ करून बसला. खिडकीतून काम दिसत होतं. गवंडी आप्पासाहेबांच्या माडीला गिलावा करत होता. असा गुळगुळीत गिलावा हैबतीने जन्मात पाहिला नव्हता. त्याने हात वर केला. तेव्हापासून नळ गावाला एकच तास मिळू लागला. बाकीचं पाणी माडीला लागत होतं.

सुंद्राने कपाळावर हात मारला. "त्यो गोड बोलून गळा कापतोय. कडू बोलंल त्योच आपल्या हिताचा, एवढं ध्यानात ठेवा."

तिसऱ्या सभेला हैबती उशिरा पोचला. हातांची मोजणी चालली होती. आप्पासाहेब खेकसले, "गाढवा, तोंड काय बघतोस? हात कर वर."

हैबतीचा ऊर भरून आला. इतकं हिताचं त्याला सख्ख्या बापानेही सांगितलं नव्हतं. त्याने दोन्ही हात वर केले. नळाला कुलूप लागलं आणि किल्ली आप्पासाहेबांच्या करगोट्याला गेली.

सुंद्रा आता ओढ्यावर जाऊ लागली. एक दिवस तिने नवऱ्याला हात जोडले. "पाया पडते. आता देव आला तरी हात वर करू नगा. मी सांगितलं तरी करू नगा."

घसा कोरडा पडला की शहाण्यांनाही सभा आठवते. आप्पासाहेबांना खाली खेचायचा ठराव आला. सुंद्राही रिकामा हंडा घेऊन आली. हात मोजले. एक कमी पडला.

"अवं, करा की वर," सुंद्रा म्हणाली. मग सगळा गाव ओरडला. हैबती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. आप्पासाहेब तरले.

घरी जाताना सुंद्रा रिकामा हंडा घेऊन तरातरा पुढे चालली. हैबतीला राहवेना.

"पटलं बाई तुझं," तो म्हणाला. "माणूस लई नालायक हाय. म्हणून तर आज त्याच्यासाठी बोटबी वर केलं न्हाई."