खिलारवाडीच्या अकरा टोप्या

टोपीवर अक्षरं चिकटवली की वरचा कागद कधी सोलायचा, ठाऊक आहे का तुम्हाला? नाही? काही बिघडलं नाही. गजाबालाही ठाऊक नव्हतं.

हा गजाबा खिलारवाडीचा. इतका भोळा, की सांगितलेलं कधी टाळायचा नाही आणि न सांगितलेलं कधी करायचा नाही. त्याच्या बायकोने, कौसल्येने, टोप्यांवर अक्षरं उमटवायचं मशीन घेऊन घरातच दुकान मांडलं. टोपी गोल साच्यावर ताणून बसवायची, वर अक्षरांचा कागद ठेवायचा, तापलेला पत्रा दाबायचा. पहिलीच ऑर्डर गावच्या क्रिकेट संघाची, अकरा टोप्यांची. सामने दुसऱ्या दिवशी. टोप्या चांगल्या झाल्या, तर स्पर्धेतले उरलेले सातही संघ तिच्याकडे येणार होते.

गजाबाने पहिली टोपी दाबली आणि लगेच कागद ओढला. अक्षरंही कागदाबरोबर आली.

"अहो, गरम असताना नाही! गार होईपर्यंत हात लावायचा नाही."

"असं होय," गजाबा म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

बरं, एक टोपी जास्तीची होती.

कौसल्या शेजारी गेली आणि चुलीवरचं दूध वर यायला लागलं. गजाबा हाताची घडी घालून ते गार व्हायची वाट बघत बसला. दूध पातेल्यातून उतरलं आणि सरळ मोरीकडे निघालं.

"अहो, वर यायला लागलं की पाण्याचा हबका मारायचा!"

"असं होय. आता लक्षात ठेवतो."

पुढची टोपी जरा दमट होती. पत्रा दाबताच वाफ वर यायला लागली. गजाबाने तांब्या उचलला आणि मशीनवर हबका मारला. ठिणग्या उडाल्या. आख्ख्या आळीची वीज गेली. वायरमनने ती आणेपर्यंत दोन तास गेले.

"अहो, ओलं असेल ते आधी उन्हात ठेवायचं! वाळल्याशिवाय आत आणायचं नाही."

"असं होय. आता लक्षात ठेवतो."

तेवढ्यात संघाचा कप्तान शिवदास सराव करून घामाघूम आला. गजाबाने त्याचा शर्ट चाचपला.

"ओला आहे. उन्हात बसा."

"गजाभाऊ, मी कप्तान आहे!"

"असाल. पण वाळल्याशिवाय आत नाही."

शिवदास पायरीवर बसला. उन्हात जितका बसला तितका घामाने आणखी भिजत गेला. गजाबा तीनदा येऊन चाचपून गेला आणि तिन्ही वेळा त्याने नकारार्थी मान हलवली. शेवटी कौसल्येने शिवदासला आत घेतलं, सरबत दिलं, माफी मागितली.

"वहिनी, उद्या सकाळी टोप्या लागतील," शिवदास म्हणाला. "नाहीतर परत या दुकानाची पायरी कोण चढेल?"

तो गेल्यावर कौसल्येने कपाळाला हात लावला. "अहो, गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची. म्हणेल त्याला हो म्हणायचं, आणि म्हणेल ते करून द्यायचं. आपलं काही सांगायचं नाही!"

"असं होय. आता लक्षात ठेवतो."

दोघांनी मिळून अकरा टोप्या केल्या. पुढे ठसठशीत 'खिलारवाडी'. मग कौसल्या खोकं आणायला बाजारात गेली.

ती गेली आणि पिंपळदरीच्या संघाचा कप्तान हणमंत खोड काढायला आला. गजाबाने आधी खुर्ची दिली.

"काय गजाभाऊ, टोप्या झाल्या वाटतं?"

"हो."

"पण उद्या हरणार तुम्हीच."

"हो."

हणमंत चपापला. असं उत्तर त्याला आजवर कोणी दिलं नव्हतं.

"मग छापा की तसं, मागच्या बाजूला!"

"हो."

हणमंत मांडीवर थाप मारत, हसत घरी गेला. गजाबा कामाला लागला. या खेपेला त्याचं काहीच चुकलं नाही. टोप्या कोरड्या होत्या. पाणी लांब होतं. कागद पार गार झाल्यावरच त्याने सोलला. नखाने खरवडून पाहिलं, एक अक्षर हललं नाही.

कौसल्या आली तेव्हा अकराही टोप्या दर्शनी बाजू पुढे करून ओळीने मांडलेल्या होत्या. तिने त्या तशाच उचलून खोक्यात भरल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याची पाठ थोपटली. गजाबाला रात्रभर गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिलारवाडीचा संघ पाठीमागे 'आम्हीच हरणार' मिरवत मैदानात उतरला, सतरा धावांत सर्वबाद झाला, आणि उरलेल्या सातही संघांचे कप्तान ऑर्डर घेऊन कौसल्येच्या दुकानात आले: पुढच्या वर्षीही खिलारवाडीच्या टोप्या आमच्याकडून भेट, अक्षरं तेवढी हीच ठेवा.