विरजणाची वाटी

“पण मला पाहिलं की लोक दारं का लावून घेतात, बुवा?”

मठाच्या ओट्यावर बसून निरंजन खरवडीकरांनी घाम पुसला. ते समाजशास्त्राचे संशोधक. आपली प्रश्नावली इतकी शास्त्रशुद्ध आहे की माणसानं आपणहून बोलायला लागावं, असं त्यांचं ठाम मत. गावाचं मत वेगळं होतं. पाहणी उद्यापर्यंत संपली नाही तर प्रकल्प दुसऱ्याकडे जाणार होता, आणि अजून एका घरानंही त्यांना दाद दिली नव्हती.

नरहरगिरी बुवा चुलीवर दूध तापवत होते.

“दारात काय म्हणता?”

“नाव, वय, जात, उत्पन्न सांगा म्हणतो. माहिती गोपनीय राहील, असंही सांगतो.”

“मग?”

“विचारतात, यात आमचं काय? मी म्हणतो, अहवाल निघेल.”

“हं… चहा घेता त्यांच्याकडं?”

“छे! ज्यांची पाहणी करायची, त्यांचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. नियम आहे माझा.”

बुवांनी पातेलं खाली उतरवलं.

“विरजण संपलंय. समोरच्या भागाबाईकडून मागून आणा. फाइल राहू द्या इथंच.”

खरवडीकरांचा पारा चढला. एवढं शिकून दही मागत हिंडायचं! पण दुसरा इलाज नव्हता. गेले.

परतले तेव्हा दूध पार निवलं होतं आणि बुवांनी ते पुन्हा कोमट करायला ठेवलं होतं.

“वेळ लागला…”

“बसवूनच घेतलं हो त्यांनी! शेजारच्या बायकाही आल्या. कुठला, कुणाचा, पगार किती, लग्न का नाही केलंस…”

“सांगितलंत?”

“सगळं.” खरवडीकर जरा घुटमळले. “ठरलेलं लग्न मोडलं, तेसुद्धा. अजून आईलाही सांगितलं नाही मी.”

“माहिती गोपनीय राहील, म्हणाल्या?”

“नाही… म्हणाल्या, आधी चहा घे.”

बुवांनी विरजण दुधात घातलं, वाटी धुतली आणि त्यांच्या हातात दिली.

खरवडीकरांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी फाइल काखोटीला मारली. “वाटी द्यायला जातोच आहे, तर लगे हात माझेही प्रश्न उरकून घेतो!”

ते पायरी उतरले, तोच बुवांनी हाक मारली.

“अहो… वाटी रिकामीच नेता?”