छताचा दिवा

एकदा एक ठेंगणा कापडव्यापारी आपल्या उंच भाच्याला गाडी चालवायला लावून एका वृद्ध वस्तादाच्या गॅरेजात आला. भाच्याने बटण दाबून चालकाची सीट मागे नेली होती आणि आता ती काही केल्या पुढे येत नव्हती. शेठजींचे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात.

वस्तादांच्या हाताखाली तीन वर्षे शिकणाऱ्या शिष्याने बटण दाबून पाहिले. हूं नाही की चूं नाही. "मोटर जळाली, शेठ. नवीन मागवावी लागेल," त्याने निकाल देऊन टाकला.

निकाल द्यायची त्याला भारी घाई. त्याच सकाळी तो आपल्या आठ वर्षांच्या लेकीचे, रेवूचे वाचन घ्यायला हातात पट्टी घेऊन उभा राहिला होता. पोर एका ओळीवर अडली आणि गप्प झाली. "हिच्या डोक्यात काही नाहीच," असे तिच्यादेखत म्हणून तो घरातून निघाला. उद्या शाळेत जाऊन तिला खालच्या वर्गात बसवायचे, हेही त्याने ठरवून टाकले होते.

वस्तादांनी दिवसाढवळ्या गॅरेजचे शटर ओढायला लावले, गाडीच्या छताचा दिवा लावला आणि सीटचे बटण दाबत त्या दिव्याकडेच पाहत राहिले. शिष्याला वाटले, म्हातारा चळला. दुखणे खाली आणि हा बघतो वर!

"ये, बस इथं. मी बटण दाबतो, तू दिवा बघ."

बटण दाबले की दिवा किंचित मंद होई. सोडले की पुन्हा उजळे.

"मोटर मेली असती तर दिव्याची वीज कुणी ओढली असती?" वस्ताद म्हणाले. "ती बिचारी जोर लावतेय, बाबा. हलत नाही ते सगळंच मेलेलं नसतं, कधी अडकलेलं असतं. टाकून देण्याआधी वाटेत काय आहे ते वाकून बघावं."

शिष्य टॉर्च घेऊन सीटखाली वाकला. सीट सरकते त्या रुळात पिवळ्या मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर रुतून बसला होता. त्याचाच. मागच्या आठवड्यात या गाडीत मॅट बसवताना तो स्क्रूड्रायव्हर तिथेच राहून गेला होता, आणि तो चोरल्याचा आळ मात्र शिष्याने शेजारच्या गॅरेजवाल्यावर घातला होता. स्क्रूड्रायव्हर निघाला आणि सीट अलगद पुढे आली. शिष्याने मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी त्याने रेवूला पुन्हा वाचायला बसवले. त्याच ओळीवर ती अडली. या वेळी त्याने पुस्तकाऐवजी तिच्याकडे पाहिले. ओठ आवाज न करता हलत होते, अक्षरावर दाबलेल्या बोटाचे नख पांढरे पडले होते आणि डोळे राहून राहून त्याच्या हातातल्या पट्टीकडे जात होते.

त्याने पट्टी कपाटावर ठेवली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"वाच, बाळ. घाई नाही."

रेवूने ती ओळ वाचली. अडखळत, पण शेवटपर्यंत.