आंबेदऱ्याचा लोळोबा

आंबेदऱ्याच्या पठारावर आलात, तर देवळात डोकावून देव दिसायचा नाही. तो असतो पलीकडे गव्हाच्या रानात, बांधाला टेकून, आडवा. बाकीचे देव उभे असतात नाहीतर बसलेले. इथला लोळोबा लोळतो. त्यामागची हकिकत जुनी माणसं सांगतात ती अशी.

तेव्हा लोळोबा, शेंदूर थापलेला लांबट गोल दगड, देवळातच आडवा असायचा, म्हणे. पूजा तानूआत्या गुरवीण करी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. देव हेच तिचं घरदार. रोज सकाळी ती त्याला उठवी, आणि तो उठत नाही म्हणून त्याच्यावर रुसेसुद्धा.

एका कार्तिकात, गव्हाची पेरणी नुकती उरकली असताना, विलायतेची एक बाई गावात आली. नाव हेस्टर. शाळेतल्या गुरुजींनी तिचं बोलणं मराठीत सांगितलं. तिचा पणजा वॉल्टर, साधा शेतकरी, या डोंगरावर गहू पिकवायला आला तो परतलाच नाही. त्याची काहीतरी खूण मिळाली, तर ती घरी न्यायची होती.

गावाने मनापासून मदत केली. कुणी वाघ मारणारा साहेब सांगितला, कुणी तळ्यात बुडालेला. बाई प्रत्येकाला नाही म्हणाली.

"नांगर धरणारा साहेब?" पाटील म्हणाले. "गुरुजी, नीट विचारा. बाईंचा डोंगर चुकला असेल."

तानूआत्याला तिची दया आली. एवढ्या लांबून आलेली पोर, आणि तिचं माणूस तिला कुणी दाखवीना. तिने बाईला देवळात नेलं, हातात तेलाची वाटी दिली आणि तिच्या वतीने स्वतःच नवस बोलून टाकला, "देवा, हिचा पणजा सापडू दे. ही तुला लोटून एक फेरा घडवेल."

"आत्या, देवाला लोटायचं?" गुरुजी चपापले.

"मग काय कबूल करू? तिच्याकडे नारळ तरी आहे का? आणि हाही कधीचा एका कुशीवर पडलाय. त्यालाही बरं वाटेल."

बाईने तेल वाहिलं, आणि देवाच्या अंगावरचं शेंदराचं जाड कवच कडेने सुटून खाली आलं. आत दगडावर अक्षरं होती. ती बाईने दोनदा वाचली. नाव वॉल्टरचंच होतं. पेरलेलं रान दाबायचा त्याचा तो दगडी रूळ. कपडे विसरून दगड घेऊन बोटीत बसला, म्हणून घरचे अजून त्याला हसत, असं तिने सांगितलं.

पाटलांचा चेहरा उतरला. "वस्तू त्यांची. नेतील त्या."

आत्याने देवावर हात ठेवला. देव गेला तर सकाळी उठवायचं कुणाला? तरी ती म्हणाली, "नेऊ दे. पण नवस आधी फेडायचा. फळलेला नवस तसाच ठेवून जाऊ नये."

देवाला अंगणात आणलं. बाईने दोन्ही हातांनी लोटलं. देव क्षणभर थांबला आणि मग उतार बघून निघालाच. पाटलांच्या ताज्या पेरलेल्या रानातून तो पुढे, मागून सगळं गाव, आणि सगळ्यांत पुढे पदर खोचून तानूआत्या, "सावकाश रे बाबा, सावकाश" म्हणत. खालच्या बांधाला टेकला तेव्हा कुठे तो थांबला.

बाई दबलेल्या मातीवर हात फिरवत राहिली. मग गुरुजींनी सांगितलं, "त्या म्हणतात, पणजोबा अजून कामावर आहेत. कामावरच्या माणसाला घरी कसं न्यायचं?"

आत्याने तिथेच बांधावर तिची ओटी भरली. देवाच्या घरची लेक ती. आणि त्या पट्ट्यात गहू असा दाट आला म्हणे, की पुढे पाटील ही गोष्ट आपणच देवाला लोटल्यासारखी सांगत.

आजही पेरणी झाली की लोळोबाला दोरखंड बांधून रानभर फिरवतात, आणि पहिला हात परगावच्या बाईचाच लागतो. आपले वाडवडील कोण, कुठले, हे ठाऊक नसलेलेही लांबून येतात. आत्याच्या पुतण्याची सून आता पूजा करते. ती सगळ्यांची ओटी भरते आणि म्हणते, "सापडतील हो तुमचेही. तोवर हा आहेच."