सावली पुढे घालून

फार फार वर्षांपूर्वी, माळाच्या कडेला वसलेल्या एका गावात एक आई राहायची. चांगली शिकलेली, आणि तितकीच घाबरट. लेकीला ऊन लागेल, काटा टोचेल, ती हरवेल, अशा काळज्या ती रोज चुलीच्या आधी पेटवायची.

म्हणून तिने लेकीला दिशासुद्धा घरातच शिकवल्या. देवघराकडे पूर्व, दाराकडे पश्चिम. लेकीला सगळं तोंडपाठ.

एकदा पंतोजींनी शाळेच्या अंगणात विचारलं, "पूर्व कुठे गं?"

"देवघराकडे."

"आणि देवघर?"

"घरी!"

पोरं खो खो हसली. पंतोजी म्हणाले, "उद्यापासून शाळा माळावर."

आई धावत आली. "अहो पंतोजी, माळावर भिंतीसुद्धा नाहीत!"

"म्हणूनच तर," पंतोजी म्हणाले.

आईने मनाशी ठरवलं, पोरीला एक काटा जरी टोचला तरी शाळा बंद!

सकाळी पोरं गाणी म्हणत निघाली. आई "फक्त वळणापर्यंत" म्हणत, कानटोपी घेऊन, लपतछपत थेट माळावर पोचली. वाटभर तिची सावली पुढे पडत होती. पोरं काठ्या रोवून सावल्या मापत होती, नाचत होती. करवंदीच्या जाळीआड बसल्या बसल्या आईचा डोळा लागला.

जागी झाली तर दुपार कललेली, पोरं दिसेनात. आई घाबरली, पण शिकलेली होती. 'येताना सावली पुढे होती, म्हणजे जाताना ती मागे हवी!' सावली पाठीशी ठेवून ती तरातरा चालू लागली. झुडपं दाट झाली, गाव काही येईना. काटा टोचला तो तिलाच. हाक मारावी तर चोरी उघडी पडणार. शेवटी मारलीच.

पोरांसोबत पलीकडच्या ओढ्यावर गेलेली लेक हाक ऐकून पळत आली. "आई! तू इथे कशी?"

"तुझी... कानटोपी द्यायला."

"या उन्हात?"

लेकीने आधी काटा काढला, मग सावली पाहिली. "अगं, उलटी चाललीस! सूर्य डोक्यावरून पलीकडे गेला ना? आता घरी जातानाही सावली पुढेच."

आईचं बोट धरून ती निघाली. दोन सावल्या पुढे, मायलेकी मागे. तिन्हीसांजेआधी घर आलं.

दुसऱ्या दिवशी आईने पंतोजींना हळूच विचारलं, "मीही येऊ का? शिकायला."

"या की! कानटोपी तेवढी घरी ठेवा."

तात्पर्य: भिंतींच्या आत पाठ केलेली दिशा, उघड्यावर चालून पाहिली तरच आपली होते.