बिळाचं ऐसपैस दार

बांधावर अजून उंदरांचंच राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. एका उंदरानं म्हाताऱ्या शेजाऱ्याचं पिढीजात बीळ विकत घेतलं. "आत हवं ते करा, फक्त दाराला हात लावू नका," जाताना म्हातारा म्हणाला.

ढासळलेली माती उपसून उपसून उंदरीण मेटाकुटीला आली, पण नवऱ्याचा जीव दारात अडकलेला. "एवढ्याशा दारातून पाहुणे वाकून येणार? लोक काय म्हणतील?"

"अहो, आधी छत गळतंय ते बघा."

ऐकेल तर शपथ. त्यानं दार ऐसपैस केलं आणि वास्तुशांतीचं आवतण देत बांधभर फिरला.

पहिला पाहुणा आला तो मुंगूस. "इतकी वर्षं दारातूनच माघारी जात होतो," तो आत शिरत म्हणाला.

उंदरिणीनं पिल्लांना मागच्या भोकातून बाहेर ढकललं आणि नवऱ्याला म्हणाली, "विचारा त्यांना, वाकावं नाही ना लागलं?"